अडत दुकानाच्या वह्यांचे स्कॅन: हजारो फाइलींची नावं एका दमात बदलायची स्क्रिप्ट पाहिजे

गूळवाला_नातू

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे. आमच्या आजोबांचं शाहूपुरीत गुळाचं अडत दुकान होतं. दुकान बंद होऊन जमाना झाला पण वह्या सगळ्या माळ्यावर तशाच, रोजकीर्द, खतावणी, बारदान्याची वही, काही मोडीत, काही बाळबोध. २०१९ च्या पुरात पाणी घरात आलं तेव्हा माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, आणि मग घरात ठरलं की हे सगळं स्कॅन करून ठेवायचंच. ते काम झालंय, पण आता फाइलींची नावं बघून डोकं गरगरतंय.

तीन प्रकारच्या फाइली आहेत. स्कॅनरच्या स्कॅन_०००१.टिफ अशा, आणि प्रत्येक वहीच्या फोल्डरला परत ०००१ पासून सुरुवात, म्हणजे एकाच नावाच्या फाइली ढिगानं. मोठ्या वह्या स्कॅनरवर मावत नव्हत्या त्या फोनवर काढल्या, त्या आयएमजी_ नं सुरू होतात. आणि पुण्याच्या भावानं त्याच्याकडच्या वह्यांची पानं व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यांची नावं आयएमजी, तारीख, मग डब्ल्यूए आणि नंबर अशी. एकूण चार हजाराच्या वर फाइली.

आत्यानं एक्सेलमध्ये यादी केलीय, कुठली फाइल म्हणजे कुठल्या वहीचं कितवं पान. आता नाव असं पाहिजे: रोजकीर्द_१९५८-५९_पान_०३७. हे हातानं करत बसलो तर पुढचा गुऱ्हाळाचा सीझन येईल. स्क्रिप्टनं जमेल का? मला प्रोग्रॅमिंग येत नाही पण सांगितलं तसं करू शकतो. विंडोज १० आहे.

भवानी_मंडप_कट्टा

भावा एवढं काय टेन्शन घेतोयस. फोल्डर उघड, कंट्रोल ए, एफ २, नाव टाइप, एंटर. सगळ्यांना पान (१), पान (२) असं नंबर लागून नाव बसतंय. आवडलं नाही तर कंट्रोल झेड. विषय हार्ड.

गूळवाला_नातू

दादा ते माहीत आहे पण पानं क्रमानं स्कॅन झालेली नाहीत. शिलाई उसवलेल्या वह्या, मधली पानं सुटी, ती शेवटी वेगळी स्कॅन केली. म्हणून तर आत्याची यादी. स्कॅन_०००४ म्हणजे पान ४ असं काही नाही, ते पान ११२ पण असेल.

निवृत्त_हेडक्लार्क

एक्सेलमध्ये यादी आहे म्हणता म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. आमच्या ऑफिसात आम्ही हे असं करत होतो, स्क्रिप्ट म्हणा नाहीतर जुगाड म्हणा.

फोल्डर उघडा, वर जिथे पत्ता दिसतो तिथे क्लिक करून सीएमडी टाइप करा, एंटर. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. तिथे डीआयआर, स्पेस, स्लॅश बी, मग मोठ्याचं चिन्ह आणि यादी.टीएक्सटी. सगळी नावं त्या फाइलीत उतरतात. ती एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये चिकटवा, दुसऱ्यात नवं नाव, तिसऱ्यात फॉर्म्युला लावून एक वाक्य बनवा: रेन (नाव बदलायची कमांड), अवतरणचिन्हात जुनं नाव, अवतरणचिन्हात नवं नाव. फॉर्म्युला खाली ओढा. तिसरा कॉलम नोटपॅडमध्ये चिकटवून .बॅट म्हणून सेव्ह करा आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवून डबल क्लिक. अवतरणचिन्ह विसरू नका, नावात स्पेस असली की कमांड तिथंच अडखळते.

रेनची एक गोष्ट चांगली, नवं नाव आधीच दुसऱ्या फाइलीला असेल तर ती डुप्लिकेट म्हणून ओरडते, वर लिहून टाकत नाही.

नवं नाव मराठीत असेल तर बॅट फाइलीची पहिली ओळ सीएचसीपी ६५००१ पाहिजे, म्हणजे सीएचसीपी सलग, मग स्पेस, ६५००१, आणि फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. नाहीतर मराठीच्या जागी भलताच मजकूर जातो.

भवानी_मंडप_कट्टा

काका लई भारी. मी एवढी वर्षं एफ २ वरच काढली.

सायबर_चौकातली

काकांची पद्धत चालते, मी पण आधी तेच करत होतो. पण चार हजार फाइली, अनेक फोल्डर, सगळीकडं स्कॅन_०००१, अशा केसला मी पॉवरशेल वापरीन, विंडोजमध्येच असलेली कमांडची दुसरी खिडकी. फोनवरनं टाइप करतोय म्हणून कमांड मराठीतच लिहितो, मशीनवर इंग्रजीत टाइप करायच्या, सुरुवातीची दोनचार अक्षरं टाकून टॅब दाबलं की पुढचं स्पेलिंग तो स्वतः पूर्ण करतो.

आधी एक सांग, मूळ फाइलींची दुसऱ्या डिस्कवर कॉपी आहे का? नसेल तर पुढचं वाचू नकोस, ती कर. एक्सप्लोररमध्ये कंट्रोल झेड असतंय, स्क्रिप्टला नसतंय.

आता यादी. आत्याच्या शीटमधनं दोनच कॉलमची वेगळी शीट कर. कॉलमची नावं इंग्रजीत ठेव, ओल्ड आणि न्यू. ओल्डमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता पाहिजे, ड्राइव्हच्या अक्षरापासून, कारण नुसतं स्कॅन_०००१ म्हटलं तर कुठल्या फोल्डरचं ते कळायला मार्ग नाही. न्यूमध्ये मात्र नुसतं नाव आणि एक्स्टेन्शन, पत्ता नको. रीनेम-आयटम नाव बदलतो, फाइल हलवत नाही, हलवायची असेल तर मूव्ह-आयटम वेगळा.

सेव्ह ॲज करताना यादीत दोन सीएसव्ही (कॉलमची साधी मजकूर फाइल) दिसतील. "सीएसव्ही यूटीएफ-८" असं लिहिलेला घे. साधा घेतलास तर सगळी मराठी अक्षरं प्रश्नचिन्हं होतील.

मग चालवायच्या आधी न्यू कॉलममध्ये डुप्लिकेट बघ. एक्सेलमध्येच कंडिशनल फॉरमॅटिंगमधनं डुप्लिकेट व्हॅल्यूज लाल करता येतात. दोन स्कॅनना एकच पान नंबर दिलेला असणार, चार हजारात होणारच ते.

आता कमांड: इम्पोर्ट-सीएसव्ही, फाइलीचं नाव, एन्कोडिंग यूटीएफ८, पाइप, फॉरईच-ऑब्जेक्ट, आणि महिरपी कंसात रीनेम-आयटम, डॅश लिटरलपाथ ओल्ड, डॅश न्यूनेम न्यू, शेवटी डॅश व्हॉटइफ. ओल्ड आणि न्यूच्या आधी डॉलर, अंडरस्कोर, टिंब लावायचं.

हे व्हॉटइफ म्हणजे रंगीत तालीम. काहीच बदलत नाही, फक्त "हे असं असं करणार होतो" अशी एकेक ओळ छापतो. ते सगळं एका टेक्स्ट फाइलीत घे आणि आत्यांना दाखव. त्यांनी होय म्हटल्यावर व्हॉटइफ काढायचं आणि परत तीच कमांड.

लिटरलपाथ मुद्दाम सांगतोय. फोनच्या स्कॅनिंग ॲपनं कुठं नावात चौकोनी कंस टाकला असेल तर साध्या पाथला तो पॅटर्न वाटतो, आणि फाइल समोर असून सापडत नाही म्हणतो.

गूळवाला_नातू

ताई खूप धन्यवाद, एवढं व्यवस्थित कुणी सांगितलं नव्हतं. कॉपी आहे, एक्स्टर्नल डिस्कवर आणि एक चुलत्यांच्या घरी. आज यादी करतो.

उद्यमनगर_लेथ

मधीच बोलतो. आमच्याकडं ड्रॉइंगच्या फाइलींचं असंच करायला एक पोरगं आलतं, हुशार पोरगं, स्क्रिप्ट पण बरोबर चालली. पण सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली उघडली की आतले पार्ट सापडंनात. कारण असेंब्लीत पार्टचं जुनं नाव लिहिलेलं असतंय, बाहेरनं नाव बदललं की तिला पत्ता लागत नाही. तसल्या फाइलींची नावं त्या सॉफ्टवेअरच्या आतनंच बदलायची असतात. तुमच्या वह्यांच्या फोटोंना कुणी लिंक केलेलं नाही ना, एक्सेलमध्ये हायपरलिंक वगैरे?

गूळवाला_नातू

अरे बाप रे. आत्यानं काही ओळींना लिंक टाकलीय खरी, क्लिक केलं की स्कॅन उघडतो.

सायबर_चौकातली

मग त्या लिंका तुटणार. पण घाबरू नको, शीटमध्ये न्यू कॉलम आहेच, हायपरलिंक फॉर्म्युला त्या कॉलमवरनं परत बनव, हातानं टाकायच्या नाहीत. लेथ दादांनी चांगलं काढलं. फोटोवाल्यांना पण लागू आहे हे, लाइटरूमच्या कॅटलॉगमधले फोटो बाहेरनं रीनेम केले की तिथं सगळ्यांवर मिसिंगची खूण येते.

टर्मिनल_पैलवान

लिनक्सवाला हजर. तुमचं विंडोज आहे म्हणून जास्त बोलत नाही पण कुणी हा धागा वाचून उबुंटूवर करायला जाईल त्यांच्यासाठी. आमच्याकडं एमव्ही कमांड रेनसारखी ओरडत नाही. नवं नाव आधीच असेल तर जुनी फाइल गपगुमान उडवून त्या जागी बसते. डॅश एन लावला तर असलेल्या फाइलीला हात लावत नाही, डॅश आय लावला तर विचारते. रीनेम नावाच्या कमांड पण दोन आहेत, उबुंटू-डेबियनवाली पर्लची आणि फेडोराकडची वेगळी, नाव सेम पण लिहायची पद्धत वेगळी, त्यामुळं इंटरनेटवरचं उदाहरण चिकटवताना आपली कुठली ते बघायचं. पर्लवालीला डॅश एन दिला की तीच रंगीत तालीम.

आणि एक. फाइलीचं नाव मराठीत लांबलचक ठेवू नका. विंडोजमध्ये एका नावाला २५५ अक्षरांची मर्यादा, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटची. इंग्रजी अक्षर एक बाइट, आपलं देवनागरी तीन बाइट, आणि काना मात्रा वेलांटी हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ मध्ये खेळ खल्लास. विंडोजवर झकास चाललेली फाइल घरच्या नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) कॉपी करायला गेलं की "नाव लांब आहे" म्हणून अडते, कारण बऱ्याच नॅसच्या आत लिनक्सच असतंय.

निवृत्त_हेडक्लार्क

म्हणूनच मी म्हणतो नावं इंग्रजीत ठेवावीत. आर के, वर्ष, पान. सुटसुटीत.

गूळवाला_नातू

काका, आत्या इंग्रजी वाचते पण शोधताना "खतावणी" असंच टाइप करणार. आणि वह्या मराठी, त्यांची नावं आर के कशाला? उद्या माझ्या मुलीला आर के म्हणजे काय ते मलाच सांगायला लागेल.

टर्मिनल_पैलवान

मराठी ठेवा की, मी कुठं नको म्हणतोय. रोजकीर्द_१९५८-५९_पान_०३७ ला मर्यादेच्या आसपास पण जात नाही. फक्त पूर्ण पत्ता पण बघा, विंडोजमध्ये बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमना फोल्डरसकट सगळा पत्ता २६० च्या आत लागतो. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करू नका.

भवानी_मंडप_कट्टा

आकडे पण मराठी का इंग्रजी ते ठरव भावा, मिसळ नको. म्हणजे मिसळ पाहिजे पण फाइलीत नको.

सायबर_चौकातली

कट्टा बरोबर बोलतोय. दोन्ही आकडे मिसळले तर सॉर्टिंगची वाट लागते. आणि स्क्रिप्टमध्ये पण भानगड आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या पद्धतीत, आकडा शोधायला बॅकस्लॅश डी वापरतात, पॉवरशेलमध्ये ते मराठी आकड्यांना पण पकडतंय. पण पकडलेल्या मराठी आकड्याचा पूर्णांक करायला गेलास की एरर. पायथनला मात्र मराठी १२ दिले तर तो सरळ बारा समजतो. मी असतो तर आकडे इंग्रजी, शब्द मराठी. आणि पुढं शून्य लावायचेच, ०३७ असं. एक्सप्लोरर हुशार आहे, तो २ नंतर १० लावतो, पण बाकीचे बरेच प्रोग्रॅम १, १०, ११, मग २ असं लावतात.

गूळवाला_नातू

ठरलं, आकडे इंग्रजी. इथं लिहिताना मराठीच टाकतोय ते चालवून घ्या.

पहिली तालीम घेतली. सगळ्यात आधी हे सापडलं की आत्यानं वर्ष १९५८/५९ असं लिहिलंय, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वही असते म्हणून. नावात स्लॅश गेलं की एरर.

सायबर_चौकातली

हो, विंडोजमध्ये नऊ चिन्हं नावात चालत नाहीत. दोन्ही स्लॅश, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठ्याची दोन चिन्हं आणि उभी रेघ. एक्सेलमध्येच फाइंड रिप्लेस करून स्लॅशच्या जागी डॅश टाक. स्क्रिप्टमध्ये सुधारत बसू नको, यादीत सुधार, म्हणजे यादी आणि फाइली एकमेकींशी जुळलेल्या राहतात.

गूळवाला_नातू

ते केलं. पण मधे एक भलतंच. "नावातली नको ती चिन्हं काढून टाक" अशी पायथनची स्क्रिप्ट एका एआय चॅटबॉटकडनं लिहून घेतली, नुसती छापायला लावली, फाइलींना हात लावला नाही. तर हे बघा काय छापतंय:

खतावणी कोल्हापूर च्या जागी खतवण कलहपर

सगळ्या काना मात्रा गायब! हे काय आहे?

उद्यमनगर_लेथ

कलहपर 😂😂 हे तर एकदम बरोबर नाव आहे, पेठेत पेठ भांडतीय.

टर्मिनल_पैलवान

स्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू आहे बघा. "अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर सोडून बाकी काढ" असा त्याचा अर्थ. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये काना, वेलांटी, मात्रा, हलन्त हे "अक्षर" नाहीत, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणारी पद्धत) ते जोडचिन्हं म्हणून वेगळ्या गटात आहेत. क हे अक्षर, पण को मधला ओकार अक्षर नाही. त्यामुळं इंग्रजी लोकांनी लिहिलेली कुठलीही "नाव स्वच्छ करा" स्क्रिप्ट मराठीवर चालवली की असं बोडकं होतं. उलटं करायचं. काय ठेवायचं ते न सांगता काय काढायचं ते सांगायचं, वर ताईंनी दिलेली नऊ चिन्हं आणि जास्तीची स्पेस, बास.

निवृत्त_हेडक्लार्क

मला हे माहीत नव्हतं. आमच्या काळी श्रीलिपीत टाइप करून फाइलीला नाव द्यायला गेलं की नुसती इंग्रजी अक्षरं दिसायची, त्यामुळे मराठी नावाच्या वाटेला कोणी गेलंच नाही. आता युनिकोड आलं तर तिथेही काना मात्रा उपऱ्याच निघाल्या.

गूळवाला_नातू

पैलवान तुमच्या सांगण्याप्रमाणं केलं, आता नावं नीट छापली जातायत.

आता पुढचा गोंधळ, हा मला अजिबातच कळेना. खतावणीचे फोल्डर गावावार आहेत, कागल, पन्हाळा, कऱ्हाड असे. कऱ्हाडचे दोन फोल्डर दिसतायत, दोन्हीचं नाव अगदी सेम कऱ्हाड. एक मी केलेला, एक मुंबईच्या काकांनी त्यांच्या जुन्या मॅकवरनं झिप करून पाठवलेला. विंडोज एका जागी सेम नावाचे दोन फोल्डर ठेवूच देत नाही ना? आणि सर्च केलं तर एकच सापडतो.

सायबर_चौकातली

आहाहा. भेटलं ते शेवटी. मराठी फाइलींचं हे दुखणं कऱ्हाड, कुऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या, जिथं जिथं तो अर्धा र आहे तिथं तिथं.

दिसायला सेम, आतनं वेगळं. युनिकोडमध्ये ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे. पण तेच र अधिक खाली नुक्ता असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं, आणि युनिकोडच्या नियमानं दोन्ही एकच मानायचे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं अशी तुकडे करूनच साठवते. विंडोज जसं आलं तसं ठेवतो, आणि तुलना करताना एकेक कोड बघतो, म्हणून त्याला हे दोन वेगळे फोल्डर.

इलाज सोपा आहे. पॉवरशेलमध्ये नावाच्या मागं डॉट नॉर्मलाइझ आणि रिकामा कंस लावला की तुकडे परत जोडले जातात. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, तिथं एनएफसी, म्हणजे जोडलेलं रूप, सांगायचं. पण फोल्डरचं नाव बदलायला जाशील तर कऱ्हाड आधीच आहे म्हणून अडेल, त्यामुळं आधी आतल्या फाइली एका फोल्डरात आण. त्यांची नावं एकमेकांवर येत नाहीत ना ते बघून.

टर्मिनल_पैलवान

ताई तिसरा प्रकार राहिला. साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे म्हणतात तो, मग ह. काही कीबोर्ड असं टाइप करतात. डोळ्याला तेच कऱ्हाड. आणि हा नॉर्मलाइझ केल्यानं जात नाही, कारण युनिकोडच्या हिशेबी ते खरोखर वेगळं आहे. तो वेगळा रिप्लेस करायचा, र हलन्त जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त.

सायबर_चौकातली

होय, ते राहिलंच. नातू, आत्यांनी एक्सेलमध्ये कसं टाइप केलंय ते पण बघ, फोनवर एक आणि कॉम्प्युटरवर एक असं असू शकतं.

उद्यमनगर_लेथ

एका कऱ्हाडची तीन कऱ्हाड. सातारकरांना सांगू नका.

गूळवाला_नातू

आत्याच्या यादीत खरंच दोन प्रकारचे सापडले. एक्सेलमधला डुप्लिकेट शोधणारा लाल रंग त्यांना पकडत नव्हता, आता कारण कळलं. पायथननं सगळ्या यादीला नॉर्मलाइझ आणि तो रिप्लेस लावला, मग काही ओळी नव्यानं लाल झाल्या.

आता शेवटचं विचारतो. एका रोजकीर्दीत पान ३७ नंतर एक सुटं पान सापडलं, ते आधी कुणाच्या लक्षात नव्हतं. म्हणजे ३८ चं ३९, ३९ चं ४०, असं शेवटपर्यंत सरकवायला लागणार. पण ३८ चं ३९ करायला गेलं की ३९ आधीच आहे.

निवृत्त_हेडक्लार्क

शेवटाकडून सुरुवात करा. शेवटचं पान आधी पुढे सरकवा, मग त्याच्या आधीचं.

सायबर_चौकातली

ते चालेल. दुसरी रीत म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत सगळ्यांना तात्पुरतं नाव, समजा पुढं टीएमपी_ लावून, दुसऱ्या फेरीत टीएमपी_ वरनं खरं नाव. अदलाबदल असेल तरी अडत नाही.

आणि यादीशिवाय सरळ फोल्डरवर टीएमपी_ लावणार असशील तर गेट-चाइल्डआयटम अख्खा गोल कंसात टाक, मग पाइप. म्हणजे तो आधी पूर्ण यादी घेतो आणि मग कामाला लागतो. कंस नसला तर नाव बदललेली फाइल कधी कधी परत रांगेत येते आणि टीएमपी_टीएमपी_ असं होतं.

उद्यमनगर_लेथ

पण सरकवायचंच कशाला? त्या पानावर जुन्या माणसानं स्वतः नंबर टाकलेत ना? वहीवर ३८ लिहिलंय आणि फाइलीचं नाव ३९, मग बघणारा काय समजणार. सुट्या पानाला ३७अ म्हणा. ड्रॉइंगला पण आम्ही तसंच करतो, मधे शीट घुसली तर ए लावतो, पुढच्या सगळ्या शीटना हात लावत नाही.

सायबर_चौकातली

हे माझ्यापेक्षा बरोबर आहे. मी स्क्रिप्ट कशी लिहायची ते बघत बसलो. वहीवर जो नंबर आहे तोच ठेव.

निवृत्त_हेडक्लार्क

सहमत. जुन्या मुनिमांचा नंबर तोच खरा.

गूळवाला_नातू

आत्या पण हेच म्हणाली, ती म्हणाली आजोबा सुटा कागद वहीत घालताना स्वतःच "अ" लिहायचे. मग ३७अ ठरलं. नाव पान_०३७अ होईल, सॉर्टमध्ये ०३७ च्या मागं बसतंय, बघितलं.

टर्मिनल_पैलवान

खरी स्क्रिप्ट चालवायच्या आधी एक काम कर. गेट-फाइलहॅश नं सगळ्या फाइलींचे हॅश, म्हणजे प्रत्येक फाइलीचा अंगठ्याचा ठसा, काढून एका सीएसव्हीत ठेव. काही सांगितलं नाही तर तो एसएचए२५६ काढतो. नाव बदललं तरी हॅश बदलत नाही, कारण तो आतल्या मजकुराचा असतो. काम झालं की परत काढ आणि दोन्ही याद्या हॅशवरनं जुळव. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही असं काही निघालं तर फाइल हरवली, इतकं सोपं. टिफ मोठ्या असतात, वेळ लागेल, लावून जेवायला जा.

सायबर_चौकातली

आणि स्क्रिप्ट .पीएस१ फाइलीत सेव्ह करणार असशील आणि आत मराठी अक्षरं असतील तर विंडोज १० मधल्या ५.१ ला "यूटीएफ-८ विथ बॉम" लागतं, बॉम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण. बॅट फाइलीला उलट बॉम चालत नाही, पहिली ओळच बिघडते. का असं विचारू नको, त्यांनी तसं ठेवलंय. पॉवरशेल ७ टाकलास तर बॉमची गरज नाही.

भवानी_मंडप_कट्टा

बॉम पाहिजे, बॉम नको, आणि मी एफ २ सांगत होतो 🙏

गूळवाला_नातू

झालं मंडळी! काल रात्री हॅश काढले, व्हॉटइफचा कागद आत्यानं पेन घेऊन तपासला (होय, प्रिंट काढून), तिनं काही पानांवर खुणा केल्या, त्या यादीत दुरुस्त केल्या, परत व्हॉटइफ, आणि मग खरं चालवलं. रीनेमला मिनिटसुद्धा लागलं नाही. सकाळी परत हॅश, दोन्ही याद्या जुळल्या. दोन हॅश दोनदोनदा होते, म्हणजे एकच स्कॅन दोन नावांनी, ते बाजूला काढले.

"खतावणी" टाकलं की सगळ्या खतावण्या वर्षावार खाली येतात. आत्या सकाळपासून तिथंच बसलीय, १९६१-६२ ची बारदान्याची वही वाचतीय, चहा पण तिथंच.

व्हॉट्सॲपवरची पानं तेवढी राहिली. नावातल्या तारखेवरनं वही कळेना, कारण ती पाठवल्याची तारीख आहे.

सायबर_चौकातली

त्यांच्यात फोटो काढल्याची तारीख नसणारच, फोटो म्हणून पाठवला की एग्झिफ (फोटोच्या आत साठवलेली तारीख वगैरे माहिती) निघून जातं आणि साइज पण दाबली जाते. बारीक मोडी त्यात वाचता येणार नाही. भावाला सांग मूळ फोटो फोनमध्ये असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. किंवा ड्राइव्हवर टाकू दे. एग्झिफ असलं की एग्झिफटूल नावाचं फुकट टूल आहे, ते काढलेल्या तारखेवरनं नाव देतं, एकाच सेकंदाचे दोन फोटो असले तर पुढं नंबर पण लावतं.

आणि ओल्ड-न्यूची ती सीएसव्ही स्कॅनच्या फोल्डरातच ठेव. उद्या आत्यांना वाटलं की नाव वेगळं पाहिजे होतं, तर कॉलमची अदलाबदल करून मागं येता येतं. फक्त तेव्हा ओल्डच्या जागी नव्या नावाचा पूर्ण पत्ता लागेल.

गूळवाला_नातू

ठेवलीय, हॅशची यादी पण. भाऊ म्हणतोय मूळ फोटो आहेत फोनमध्ये, रविवारी ड्राइव्हवर टाकतो.

मोडीवाला_मंगळवारपेठ

धागा आत्ता बघितला. मोडीतल्या वह्यांची नावं कशावरनं दिली? पानावरची तिथी वाचून का मुखपृष्ठावरनं? शके आणि इसवी सन मिसळलेले नाहीत ना? त्या वह्यांची एकदोन पानं इथं टाकलीत तर बघतो.

गूळवाला_नातू

मुखपृष्ठावरनं, आणि दोन वह्यांवर शकेच आहे, आत्यानं ७८ मिळवून इसवी केलंय. पानं टाकतो संध्याकाळी, तुम्ही बघून सांगा. नाव बदलायला लागलं तर आता भीती नाही.

मोडीवाला_मंगळवारपेठ

चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ बरोबर, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. पाडवा ते पाडवा वही म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला सुरू, त्यामुळं एकाच वहीत दोन शके येणार. टाका पानं.